कोरीची पिल्लं टिकत नाहीत? ती कितव्या दिवशी जातात ते आधी बघा

कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र असलेल्या टाकीत, कोरीडोरासने (तळाशी राहणारा छोटा कॅटफिश, लाडाने कोरी) अंडी घातली, सगळ्या घराने काचेला नाक लावून ती पाहिली, आणि पंधरा दिवसांनी टाकीत एकही पिल्लू उरलं नाही. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा अंडी, पुन्हा तेच. कोरी पाळणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते की ‘कॅटफिशची पिल्लं घरी जगतच नाहीत’ असं बरेच जण धरून चालतात. खरं तर अंडी घालणाऱ्या माशांपैकी घरी वाढवायला कोरी पुष्कळच सोपी. अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू पाच-सहा मिलिमीटर भरतं, म्हणजे निऑन टेट्राच्या पिल्लापेक्षा चांगलंच मोठं, आणि ते पहिल्या घासापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती निघालेली बारीक पिल्लं) खाऊ शकतं.

तक्रार सांगणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणतं औषध टाकू’ असा असतो. त्याला माझा प्रश्न एकच: पिल्लं कितव्या दिवशी गेली? अंडी पहिल्याच रात्री गायब होणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी पडणं, फुटल्यावर आठवड्याभरात गळती लागणं आणि दोन महिन्यांची पिल्लं मोठ्या टाकीत सोडल्यावर दिसेनाशी होणं, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. कधी कधी त्यानेच उरलेली पिल्लं जातात. म्हणून टाकीशेजारी एक कागद चिकटवा, अंडी दिसली ती तारीख लिहा आणि रोज काय दिसलं ते एका ओळीत टिपत जा. पुढच्या वेळी हा कागदच निम्मं उत्तर देईल.

आधी मासा कोणता ते ओळखा

इथे मी ब्राँझ, अल्बिनो, पेपर्ड, स्टर्बाय आणि पांडा या कोरींबद्दल लिहितोय. दुकानात ‘कॅटफिश’ म्हटलं की काचेला तोंड चिकटवून बसणारा सकर दाखवतात, नाहीतर शार्कच्या नावाने पंगास हातात देतात. हे दोन्ही फुटाच्या पुढे वाढतात आणि घरच्या टाकीत त्यांची पैदास होत नाही. ब्रिसलनोज या लहान सकरची होते, पण तिथे नर गुहेत बसून अंडी राखतो, त्यामुळे गणित निराळं. पिग्मी कोरीची पिल्लं फार बारीक असतात, त्यांना सुरुवातीला आर्टेमियापेक्षा लहान खाद्य लागतं.

नव्या माहितीत ही नावं बदललेली दिसतील. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या अवाढव्य वंशाची फोड केली. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टरमध्ये आणि पेपर्ड, पांडा, स्टर्बाय होप्लिसोमामध्ये गेल्या. मासे तेच आहेत, गोंधळून जाऊ नका.

जात ओळखायची ती मुख्यतः तापमानासाठी. पेपर्ड ही दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातली, ला प्लाता नदीच्या खोऱ्याकडची. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत तिचे नमुने गोळा केले होते. तिला 20 ते 24 अंश मानवतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी 32 च्या वर जातं, तिथे पेपर्डची अंडी सडली तर त्यात तुमच्या निगराणीचा दोष नाही. पाऊस पडेपर्यंत थांबा. स्टर्बाय 28 पर्यंत आरामात राहते. ब्राँझ आणि तिची अल्बिनो बहीण बहुतेक ठिकाणी निभावून नेतात.

पाणी तेच, संगत वेगळी

मिश्र टाकीत पिल्लं वाढवण्याचा सगळा पेच इथे आहे. मोठ्या टाकीत ठेवली तर मासे खातात, म्हणून आपण अंडी काढून छोट्या टबात ठेवतो, आणि टबात ती पाण्याने मरतात. मोठ्या टाकीतल्या फिल्टरवर महिनोन्‌महिने जमलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलत असतात. तीन-चार लिटरच्या नव्या टबात ते जिवाणूच नसतात. त्यात आपण पिल्लांना दिवसातून तीनदा खायला घालतो. दोन दिवसांत अमोनिया चढतो. पाणी अल्कधर्मी आणि गरम असेल तर त्याच अमोनियातला विषारी भाग आणखी वाढतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांच्या टबात पिल्लं पटापट जातात त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

म्हणून पिल्लांना मोठ्या टाकीचं पाणी द्या आणि मोठ्या टाकीतली तोंडं त्यांच्यापासून दूर ठेवा. हे साधायला टाकीच्या बाहेरच्या बाजूने काचेवर लटकणारा ब्रीडिंग बॉक्स उत्तम. एअर पंपाची नळी जोडली की हवेच्या बुडबुड्यांबरोबर टाकीतलं पाणी वर चढून डब्यात पडतं आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीतून परत टाकीत उतरतं. तापमान एक, पाणी एक, फिल्टर एक. डबा हजारभर रुपयांच्या आत मिळतो. एकाच एअर पंपाला दोन तोंडांचा व्हॉल्व्ह लावला की टाकीचा एअर स्टोन आणि डबा दोन्ही चालतात.

घरी करायचा असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, एका बाजूला चौकोनी खिडकी कापा, तिच्यावर चहाच्या गाळणीसारखी बारीक स्टीलची जाळी अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने चिकटवा आणि डबा टाकीच्या आत कडेला अडकवा. बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर, व्हिनेगरसारखा वास गेल्यावरच डबा पाण्यात घाला. पाणी आत ढकलायला एअर नळीची टी जोडून बुडबुड्यांनी पाणी वर चढवणारा छोटा लिफ्ट करता येतो.

टाकीत तरंगणारी कापडी जाळी मात्र मला पटत नाही. तिच्या कोपऱ्यात खाद्य साचून सडतं, आतून पाणी फारसं खेळत नाही, आणि बाहेरून मोठे मासे जाळीला तोंड लावून आतल्या पिल्लांच्या शेपट्या ओढतात. गप्पीच्या पिल्लांना ती चालून जाते, कारण ती वर पोहतात. कोरीची पिल्लं तळाशी बसतात, नेमकी सगळी घाण असते तिथे.

अंडी रात्रीत गायब

हे दुखणं सगळ्यांत सोपं. कोरी कशी अंडी घालते ते एकदा शांत बसून बघा, म्हणजे वेळ कुठे साधायची ते कळेल. मादी नराच्या पोटाशी आडवं तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होतो आणि दोघं काही क्षण तसेच स्तब्ध राहतात. मग ती पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून त्यात एक ते चार अंडी धरते, काचेपाशी जाते, तोंडाने काच पुसल्यासारखी साफ करते आणि पोट दाबून अंडी चिकटवते. परत नराकडे. असं काही तास चालतं आणि एका मादीची शंभर-दीडशे अंडीही होऊ शकतात. हे सुरू असतानाच गप्पी, टेट्रा, बार्ब मागोमाग फिरून अंडी टिपत असतात. शेवटचं अंडं लावून झालं की कोरी स्वतःही तीच अंडी खाते. आई-बाप राखण करतील या आशेवर राहू नका.

ताजी अंडी मऊ असतात, हात लावला की फुटतात. काही तास गेले की त्यांचं कवच रबरासारखं चिवट होतं. पोटातली अंडी संपून मादी सुस्त होऊन बसली की दिवे मालवा, खोलीतही अंधार करा, आणि दोन-चार तासांनी अंडी काढा. बोटाचं टोक काचेवर टेकवून अंडं हलकेच खालून वर गोल गोल फिरवलं तर ते सुटून बोटालाच चिकटतं. ते तसंच डब्याच्या भिंतीला लावा. जुनं एटीएम कार्डही काचेवरून सरकवता येतं. झाडाच्या पानावर अंडी असतील तर पान देठासकट कापून घ्या. अंडी एकावर एक ढीग करून ठेवू नका, कारण एक सडलं की शेजारचं सडतं.

दिवसभर बाहेर असाल आणि अंडी घालण्याची वेळ चुकत असेल तर अ‍ॅक्रिलिक लोकरीचा मॉप करून ठेवा: वीतभर लांबीचे धागे एकत्र बांधायचे, वर थर्माकोलचा तुकडा, रंग गडद हिरवा. अ‍ॅक्रिलिक कुजत नाही आणि धाग्यांत अंडी लपतात. कोरी काचेइतकीच खुशीने त्यावर अंडी लावतात. पूर्ण मॉपच उचलून डब्यात नेता येतो.

अंडी पांढरी पडतात

निरोगी अंडं पहिल्या दिवशी काचेसारखं पारदर्शक, मग मधाच्या रंगाचं आणि फुटण्याआधी तपकिरी होतं. शेवटच्या दिवशी मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि गुंडाळलेली शेपूट हलताना दिसते. अल्बिनोच्या अंड्यात डोळे फिकट असतात. चोवीस-छत्तीस तासांत दुधासारखं पांढरं झालेलं अंडं फळलेलंच नसतं. त्याला वाचवायचा प्रश्न नाही. ते चिमट्याने किंवा ड्रॉपरने काढून टाका, कारण बुरशी आधी मेलेल्या अंड्यावर धरते आणि तिथून कापसासारखे धागे जिवंत अंड्यांवर पसरतात.

नव्वद टक्के अंडी पांढरी होत असतील तर औषधाचा नाद सोडून नर मोजा. वरून पाहिलं की मादी खांद्याशी रुंद आणि गोल दिसते, नर बारीक आणि लांबट. एका मादीमागे दोन नर असले की फलन चांगलं होतं. दुकानातून दोनच कोरी आणलेल्या असतील तर त्या दोन्ही माद्याही असू शकतात. कोरी मुळात थव्यातली मासळी; सहापेक्षा कमी ठेवूच नका, पैदास करायची असो वा नसो. मासे वयाने लहान असतील तर पहिली एक-दोन विणी फुकट जाऊ शकतात, त्याने खचून जाऊ नका.

अर्धी अंडी चांगली आणि अर्धी बुरशीने गेली, असं असेल तर मात्र पाण्याचा प्रवाह आणि बुरशी यांकडे बघा. अंड्यांवरून पाणी सतत हळूहळू वाहिलं पाहिजे. लटकणाऱ्या डब्यात मी देशी बदामाचं वाळून गळलेलं तपकिरी पान घालतो. कोकणात आणि मुंबईत हे झाड गल्लोगल्ली आहे. पान फवारणी न झालेल्या जागेतलं घ्या, स्वच्छ धुवा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून मग डब्यात घाला. पाण्याला चहासारखी झाक येते, बुरशीला थोडा आळा बसतो, आणि पुढे त्याच पानावर जो बुळबुळीत थर चढतो तो पिल्लं चाटत बसतात. दोन-तीन चेरी श्रिंप डब्यात सोडल्या तर त्या बुरशी लागलेली अंडी वेचून खातात आणि निरोगी अंड्यांना सहसा हात लावत नाहीत.

मिथिलीन ब्लू हा जुना उपाय चालतो, पण फक्त वेगळ्या भांड्यात. पाण्याला फिकट निळी झाक येईल इतकंच घाला. मेलेली अंडी गडद निळी होतात, त्यामुळे वेचायलाही सोपं जातं. टाकीला जोडलेल्या डब्यात ते टाकू नका. ते मोठ्या टाकीत उतरून फिल्टरच्या जिवाणूंना मारतं, आणि ज्या पाण्याच्या भरवशावर आपण सगळा बेत केलाय तेच बिघडतं. पिल्लं बाहेर पडली की निळं पाणी हळूहळू बदलून साधं करा आणि मग पिल्लं डब्यात न्या.

फुटल्यावर गळती

सगळ्यांत जास्त पिल्लं इथे जातात आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं, कारण अंडी फुटली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. 25 अंशाच्या आसपास अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी असते. ती दोन-तीन दिवस पुरते. या काळात खायला घालू नका. ती खाणार नाहीत, आणि पडलेलं खाद्य सडून तळ खराब होईल. बलक संपला त्या दिवशी मात्र खाद्य तयारच हवं. इथे एक-दोन दिवस उशीर झाला तर अशक्त झालेलं पिल्लू नंतर समोर खाद्य असूनही खात नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सरसकट मरतुक झाली असेल, पिल्लांचं डोकं मोठं आणि पोट आत गेलेलं दिसत असेल, तर ती उपाशी मेली आहेत.

अंडी दिसली त्याच दिवशी खाद्याची तयारी सुरू करा. आर्टेमियाची अंडी उबवायला एका लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा, खालून जोरात हवा, वर दिवा, 26 ते 28 अंश. चोवीस ते छत्तीस तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर आणि नारिंगी आर्टेमिया खाली येतात. एअर नळीने खालचा थर ओढून दाट कापडातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुऊन द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकू शकतात, ती जाऊ देऊ नका. आर्टेमियाचा खटाटोप नको असेल तर मायक्रोवर्म, म्हणजे डब्यात वाढवता येणारे बारीक जंत, लावा. शिजवून गार केलेल्या ओट्सवर चिमूटभर यीस्ट आणि कोणाकडून तरी आणलेलं या जंतांचं चमचाभर विरजण. चार-पाच दिवसांत डब्याच्या भिंतीवर जंत चढायला लागतात, ते बोटाने पुसून द्यायचे. मायक्रोवर्म तळाशी बसतात, म्हणजे कोरीच्या ताटातच वाढल्यासारखं.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून द्यायची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास आहे. कोरीसाठी मी ती सुचवत नाही. पिल्लांनी खाल्लं त्याच्या कितीतरी पट तळाला बसतं आणि रातोरात सडतं.

खाल्लं की नाही हे ओळखायला भिंग घ्या. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट पारदर्शक कातडीतून नारिंगी मण्यासारखं चमकतं. खायला घातल्यावर अर्ध्या तासाने डब्यात नारिंगी पोटं किती आणि रिकामी किती ते बघा. रिकामी जास्त असतील तर खाद्य जिथे पडतंय तिथे पिल्लं नाहीत. ड्रॉपरने त्यांच्या तोंडाशी सोडा.

आता दुसरं कारण. पोट भरलेलं आहे, तरी पिल्लं आठव्या-दहाव्या दिवशी एकेक करून आडवी पडतात, परांच्या कडा झिजलेल्या, मिशा आखूड, कधी पोट लाल. हा तळाचा रोग आहे. डब्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवर विष्ठा आणि खाद्याचा जो चिकट थर साचतो त्यात जिवाणू वाढतात, आणि कोरीचं पिल्लू चोवीस तास त्यावर पोट टेकून बसलेलं असतं. रोज एकदा कापसाच्या काडीने तळ आणि कोपरे पुसा, मग एअर नळीने सायफन करा. नळीचं दुसरं टोक पांढऱ्या वाडग्यात सोडा, म्हणजे ओढलं गेलेलं पिल्लू लगेच दिसेल आणि परत सोडता येईल. तळाला चाळून धुतलेल्या नदीच्या बारीक वाळूचा अगदी पातळ थर, जेमतेम तळ झाकेल इतका, दिला तर मरतुक स्पष्टपणे कमी होते. समुद्राची वाळू नको, तिच्यातल्या शिंपल्यांनी पाणी जड होतं. एक-दोन रॅम्सहॉर्न गोगलगायी उरलंसुरलं खाऊन मोठी मदत करतात.

पुढचं कारण टाकीतच असतं: घरातली सामाईक टाकी ही सगळ्यांचीच असते. सकाळी आजोबा खायला घालतात, दुपारी शाळेतून आलेली मुलं घालतात, संध्याकाळी आणखी कोणीतरी. पिल्लांचा डबा मोठ्या टाकीच्या पाण्यावर चालतो, त्यामुळे मोठ्या टाकीत पडलेला जास्तीचा प्रत्येक दाणा पिल्लांच्या पाण्यात जातो. पिल्लं असतील तोवर दिवसाचं खाद्य सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा आणि घरात सांगा: कोणीही घाला, पण डबी संपली की आज बंद. भांडण न होता हे चालतं, आणि आजोबांचा आनंदही जात नाही.

पावसाळ्याचं वेगळं लक्ष ठेवा. हवेचा दाब उतरला, नळाचं पाणी गार झालं की कोरी अंडी घालतात; तिच्या मूळच्या नद्यांतही पाऊसपाण्याचीच खूण असते. म्हणून आपल्याकडे जून-जुलैत अंडी जास्त दिसतात. नेमक्या याच दिवसांत गढूळ पाण्यामुळे नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो आणि वीजही सारखी जाते. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, किंवा अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा. अंडी घालायला लावण्यासाठी गार पाणी ठीक. पिल्लं असताना मात्र बदलायचं पाणी टाकीच्याच तापमानाचं हवं. वीज गेली की लटकणाऱ्या डब्यातलं पाणी थांबतं. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. तोपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी वरून डब्यात ओतत राहिलात तरी पिल्लं तगतात.

डबा काठोकाठ झाकू नका. कोरी पाण्यावर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून प्राणवायू घेते, मोठी झालेली पिल्लंही तसंच करतात. पाण्यावर तेलकट साय आली असेल तर टिश्यू पेपर टेकवून उचलून घ्या. पाण्याची खोली दहा-पंधरा सेंटिमीटर पुरे.

डब्यात दुसरा मासा नाही, तरी रोज एक-दोन कमी

मेलेलं पिल्लूही सापडत नाही. अशा वेळी झाडं बाहेर काढून पांढऱ्या थाळीत झटका. चतुराची अळी सापडेल. नवीन आणलेल्या झाडांवरून किंवा खिडकीशी असलेल्या उघड्या टाकीत ती येते, वाळूच्या रंगाची होऊन बसते आणि रात्री शिकार करते. दुसरा चोर हायड्रा: काचेवर अर्ध्या सेंटिमीटरचे, टोकाला धाग्यांचा झुपका असलेले. आर्टेमिया द्यायला लागल्यावर ते भराभर वाढतात आणि अगदी लहान पिल्लांना डंख मारतात. डबा रिकामा करून कडकडीत पाण्याने धुणं हा औषधापेक्षा बरा उपाय. आणि डब्यातून परत जाणाऱ्या पाण्याची जाळी तपासा. कित्येकदा पिल्लं तिच्यातून निसटून फिल्टरमध्ये पोचलेली असतात. मोठ्या टाकीच्या फिल्टरच्या तोंडावर जाड स्पंज चढवलेला असला तर पुढचा अनर्थ टळतो.

मोठ्या टाकीत सोडल्यावर नाहीशी होतात

पिल्लांच्या वयापेक्षा लांबी बघा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत ती दोन सेंटिमीटरच्या आसपास येतात, अंगावरच्या हाडांच्या पट्ट्या नीट दिसायला लागतात आणि पाठीवरचा काटा टणक होतो. गप्पी, निऑन, रासबोरा असलेल्या टाकीत दोन सेंटिमीटरची पिल्लं बिनधास्त सोडा. एंजल, ऑस्कर किंवा मोठा गोरामी असेल तर अडीच-तीनपर्यंत थांबा, आणि ऑस्करसोबत तर मोठी कोरीही ठेवू नका. कोरी गिळली गेली की छातीचे आणि पाठीचे काटे ताठ रोवते. ती घशात अडकते आणि दोन्ही मासे मरतात.

काही वेळा पिल्लं कोणी खात नाही, तरी ती सोडल्यावर पंधरवड्यात बारीक होऊन जातात. वर टाकलेलं खाद्य वरचेच मासे संपवतात, तळापर्यंत काही पोचत नाही. ‘कोरी काय, खालची घाण खाऊन जगते’ हा समज इथे पिल्लांचा जीव घेतो. विष्ठा हे कोरीचं अन्न नाही. दिवे मालवून दहा मिनिटांनी, इतर मासे शांत झाले की बुडणाऱ्या गोळ्या भरडून दोन-तीन ठिकाणी टाका. पहिले पंधरा दिवस हे रोज करा. सोडतानाही संध्याकाळी सोडा, आणि एक-दोन करत न सोडता आठ-दहा एकदम. थव्यात ती लवकर रुळतात. डब्यातलं बदामाचं पान आणि जावा मॉसचा गुच्छही त्यांच्याबरोबर टाकीत घाला, ओळखीच्या आडोशाखाली ती पहिल्या रात्रीपासून खायला लागतात.

या काळात मोठ्या टाकीतल्या एखाद्या माशाला पांढरे ठिपके आले तर बाटलीवरचा पूर्ण डोस ओतू नका. अशा बऱ्याच औषधांतलं मॅलाकाइट ग्रीन कोरीला जड जातं, पिल्लांना तर फारच. आजारी मासा वेगळा काढता आला तर काढा. नाहीच जमलं तर निम्म्या मात्रेने सुरुवात करून जास्त दिवस उपचार करा.

पिल्लं जास्त झाली तर

सगळं नीट जमलं की दोन-तीन विणींत टाकी भरून जाते. जादा पिल्लं ओळखीच्या हौशी लोकांना द्या, दुकानदारही घेतात. नदी, तलाव, विहीर, गणपतीचा हौद, कुठेही सोडू नका. उजनीच्या जलाशयात सकर माशांनी मच्छीमारांची जाळी फाडून काय हाल केलेत ते तिथल्या माणसांना विचारा. तेही कोणाच्या तरी दिवाणखान्यातूनच सुटलेले मासे आहेत.

पिशवीत बांधताना पिल्लांना आदल्या दिवशी खायला घालू नका, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होतं. मोठ्या कोरी आणि पिल्लं एका पिशवीत ठेवू नका. घाबरलेली मोठी कोरी अंगातून विषारी स्राव सोडते, आणि थोड्या पाण्यात तो सगळ्यांनाच मारतो. पिशवीतलं पाणी फेसाळलेलं दिसलं तर लगेच बदला. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, आणि काट्याने पिशवी फाटते म्हणून एकात एक घातलेल्या दोन पिशव्या, खालचे कोपरे रबराने बांधून गोल केलेल्या, म्हणजे पिल्लं कोपऱ्यात चेंगरत नाहीत.